बर्फ नक्की कधी गेला? नासाच्या ‘मोडिस’ हिमनोंदींचं परीक्षण

एखाद्या जागी हिवाळ्यात बर्फ किती दिवस टिकतो, हे सांगायला रोज सकाळी कुणीतरी तिथे उभं राहून पाहायला हवं. जगातल्या बहुतेक बर्फाळ उतारांवर असं पाहणारं कुणी नसतं. ही उणीव गेली पंचवीस वर्षं जी सेवा भरून काढते आहे, ती म्हणजे नासाच्या मोडिस या उपकरणाच्या रोजच्या हिमनोंदी. मोडिस दोन उपग्रहांवर बसवलेलं आहे. टेरा डिसेंबर १९९९ मध्ये सोडला गेला आणि ॲक्वा मे २००२ मध्ये. टेराच्या नोंदी २४ फेब्रुवारी २००० पासून मिळतात. जमीन साधारण ५०० मीटरच्या चौकोनांत विभागलेली असते आणि प्रत्येक चौकोनासाठी रोज एक आकडा असतो. नोंदी अमेरिकेतल्या बोल्डर इथल्या नॅशनल स्नो अँड आइस डेटा सेंटरकडे ठेवलेल्या आहेत. नासाच्या अर्थडेटा या संकेतस्थळावर खातं उघडलं की सगळं फुकट.

निकाल आधीच सांगून टाकू. झाडं नसलेल्या मोकळ्या जमिनीवर, जिथे बर्फ एकदा बसला की महिनोन्‌महिने हलत नाही, तिथे या सेवेला पाचपैकी साडेचार. घनदाट जंगलात अडीच. जिथे बर्फ आज पडतो आणि परवा जातो, तिथे जेमतेम दोन. पण गुणांपेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. ही सेवा ‘बर्फ अमुक तारखेला गेला’ असं कधीच सांगत नाही. ‘अमुक तारखेला शेवटचा दिसला आणि तमुक तारखेला जमीन उघडी दिसली’ एवढंच ती सांगते. मधले दिवस ढगांचे. वापरणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांची गफलत इथेच होते.

ती पाहते काय

बर्फ हिरव्या प्रकाशात लख्ख चमकतो आणि १.६ मायक्रोमीटरच्या आसपासच्या अवरक्त किरणांत जवळजवळ काळा दिसतो. पाण्याच्या थेंबांचे ढग दोन्हींत उजळ असतात. या फरकावर एनडीएसआय नावाचा निर्देशांक उभा आहे: हिरव्या पट्ट्यातून अवरक्त पट्टा वजा करायचा आणि त्या दोघांच्या बेरजेने भागायचं. ताज्या बर्फावर हा आकडा ०.८ च्याही वर जाऊ शकतो, तर उघड्या मातीवर शून्याच्या खाली असतो.

मेख अशी की ॲक्वावरच्या नेमक्या याच अवरक्त पट्ट्याचे बरेचसे संवेदक निकामी आहेत. सध्याच्या आवृत्तीत ती उणीव गणिताने भरून काढली जाते आणि ते काम बरं जमलंही आहे. तरी टेराला पहिला मान द्यावा आणि टेराला जिथे ढग लागले तिथेच ॲक्वाची नोंद वापरावी. टेरा सकाळी साडेदहाच्या सुमारास वरून जायचा आणि ॲक्वा दुपारी दीडच्या सुमारास. या तीन तासांत ढग सरकले तर एखादा दिवस वाचतो. मोठा फायदा मात्र धरू नका, कारण बर्फ आणणारं आभाळ तीन तासांत मोकळं होत नसतं.

आकडे कसे वाचायचे

रोजच्या उत्पादनाचं नाव एमओडी१०ए१ (ॲक्वासाठी एमवायडी१०ए१), सध्याची आवृत्ती ६१. दोनचार जागांसाठी अख्ख्या फायली उतरवून घेण्याची गरज नाही. ‘ॲपिअर्स’ या नासाच्या संकेतस्थळावर बिंदूचे अक्षांश-रेखांश द्यायचे, कालावधी निवडायचा, हिमाच्छादनाचा थर आणि त्याच्या जोडीचा गुणवत्तेचा थर निवडायचा, की काही वेळाने सीएसव्ही, म्हणजे साध्या तक्त्याची, फाइल तयार होते. कालावधी कधीही १ जानेवारी ते ३१ डिसेंबर घेऊ नका, हिवाळा मधोमध कापला जातो. उत्तर गोलार्धासाठी १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट आणि दक्षिण गोलार्धासाठी १ मार्च ते फेब्रुवारीअखेर असं ‘हिमवर्ष’ धरावं.

फाइलमध्ये ० ते १०० हे खरे आकडे, म्हणजे एनडीएसआय गुणिले शंभर. त्याच्या वरचे सगळे संकेत आहेत: २०० माहिती नाही, २०१ निर्णय होऊ शकला नाही, २११ रात्र, २३७ तलाव-नदीसारखं पाणी, २३९ समुद्र, २५० ढग, २५४ संवेदक संपृक्त, २५५ रिकामं. नवख्या माणसाकडून हमखास होणारी चूक म्हणजे या स्तंभाची थेट सरासरी काढणं. मग जानेवारीची सरासरी १८० येते आणि ‘इथे बर्फ फारच दाट’ असा निष्कर्ष निघतो. खरं तर दाट असतात ते ढग. पहिलं काम म्हणून १०० च्या वरचं सगळं रिकामं करून टाकावं, पण २५० वेगळे मोजून ठेवावेत. ते पुढे लागतात.

आता उंबरठा. कितीच्या वर ‘बर्फ आहे’ म्हणायचं? प्रघात ४० चा आहे आणि त्यामागे अर्थ आहे. एनडीएसआयला १.४५ ने गुणून ०.०१ वजा केलं की चौकोनाचा किती भाग बर्फाखाली आहे याचा ढोबळ अंदाज मिळतो. ०.४० ला तो ५७ टक्के येतो. हवामान केंद्रावरचा निरीक्षकही निम्म्याहून अधिक जमीन झाकलेली दिसली तरच ‘हिमाच्छादित दिवस’ लिहितो. म्हणजे ४० हा उंबरठा माणसाच्या डोळ्याच्या बराच जवळ जातो. तो १० वर आणला तर १३-१४ टक्के जमीन झाकलेली असली तरी दिवस मोजला जातो, आणि वाऱ्याने साचलेले ढिगारे जिथे उशिरापर्यंत राहतात तिथे हंगाम चांगलाच लांबलेला दिसतो. दोन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर असतात. कुठला उंबरठा वापरला हे न लिहिता दिलेला दिवसांचा आकडा मात्र कुचकामी.

ढग, आणि ढगांवर घातलेलं पांघरूण

मोडिसच्या नोंदींत कुठल्याही क्षणी निम्म्याहून अधिक जमीन ढगांखाली असते. त्यामुळे एखाद्या जागेच्या १८० दिवसांच्या हिवाळ्यात ७०-८० स्वच्छ दिवस मिळाले तर नशीब चांगलं म्हणायचं. यावर उपाय म्हणून आवृत्ती ६१ मध्ये एमओडी१०ए१एफ हे ‘ढग भरून काढलेलं’ उत्पादन आलं. त्याची रीत अगदी साधी: आज ढग असेल तर शेवटच्या स्वच्छ दिवशी जे दिसलं तेच आजही आहे असं धरायचं.

वापरायला हे फार सोयीचं, आणि धोकाही त्या सोयीतच. एक हिशेब मांडून पाहू. ३ नोव्हेंबरला जमीन उघडी दिसली. ४ ते ९ ढग. त्यात ५ तारखेला बर्फ पडला आणि बसला. १० तारखेला आभाळ मोकळं, सगळं पांढरं. भरलेल्या नोंदींत हंगाम १० ला सुरू होतो, म्हणजे पाच दिवस उशिरा. आता दुसरं टोक. १८ मार्चला बर्फ दिसला, १९ ते २७ ढग, बर्फाचा शेवटचा दिवस २१ मार्च, आणि २८ ला उघडी जमीन दिसली. भरलेल्या नोंदींत शेवटचा दिवस २७ मार्च, म्हणजे सहा दिवस उशिरा. खरा हंगाम १३७ दिवसांचा, भरलेला १३८ दिवसांचा. एकूण दिवस जवळजवळ जुळले, तारखा मात्र दोन्हीकडे चुकल्या. एकूण टिकाव जुळला म्हणून तारखाही बरोबर असणार असं धरून कुणी वसंतातल्या पाण्याचा अंदाज बांधायला गेलं, तर आठवडाभराची चूक पदरात पडते.

म्हणून या उत्पादनासोबत येणारा ‘ढगांचा टिकाव’ हा थर सोडू नये. शेवटची स्वच्छ नोंद किती दिवसांपूर्वीची आहे ते तो रोज सांगतो. ७ च्या वरचे दिवस संशयित धरावेत. स्वतः मोजायचं असेल तर मूळ नोंदींवरून दोन टोकं काढावीत. वरच्या उदाहरणात सुरुवात ४ ते १० नोव्हेंबरमध्ये कुठेतरी आणि शेवट १८ ते २७ मार्चमध्ये कुठेतरी. म्हणजे बर्फ कमीत कमी १२९ आणि जास्तीत जास्त १४४ दिवस टिकला. ‘१३८ दिवस’पेक्षा ‘१२९ ते १४४’ हे उत्तर दिसायला गबाळं, पण खरं. दरवर्षीचा असा पट्टा काढला की दोन वर्षांतला फरक खरा की ढगांचा, तेही लगेच कळतं. पट्टे एकमेकांवर चढत असतील तर ‘यंदा बर्फ लवकर गेला’ हे विधान जपून करावं.

आणखी एक गोष्ट आधी ठरवून घ्यावी लागते: सलग दिवस मोजायचे की एकूण? ऑक्टोबरात दोन दिवस बर्फ पडून गेला आणि मग नोव्हेंबरअखेर कायमचा बसला, तर हंगाम कधी सुरू झाला? सलग हंगामासाठी ‘किमान १४ दिवस, मध्ये फार तर २ उघडे दिवस चालतील’ असा नियम ठेवला तर बहुतेक ठिकाणी बुद्धीला पटेल असं उत्तर येतं. एकूण दिवस वेगळ्या रकान्यात लिहावेत. दोन्ही आकड्यांतली तफावत मोठी असेल तर ती जागा चंचल बर्फाची आहे आणि तिथे या सेवेवर फार विसंबू नये.

शेवटचा आठवडा इतका निसरडा का

मोडिसला जाडी दिसत नाही. ५ सेंटिमीटरचा थर आणि २ मीटरचा थर तिच्या लेखी सारखेच पांढरे. त्यामुळे बर्फ ‘जाऊ लागला’ हे कळत नाही, ‘गेला’ हे एकदम कळतं. आणि जाताना तो भराभर जातो. ३० सेंटिमीटर मुरलेला बर्फ, घनता घनमीटरला २५० किलो, म्हणजे ७५ मिलिमीटर पाणी. वितळण्याचा दर शून्याच्या वरच्या प्रत्येक अंशाला दिवसाला साधारण ४ मिलिमीटर धरला आणि दिवसाचं सरासरी तापमान ५ अंश असलं, तर रोज २० मिलिमीटर जातं. चार दिवसांत जमीन उघडी. तेवढ्याच जाडीचा ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला ८० किलोचा असेल तर त्यात पाणी फक्त २४ मिलिमीटर, सव्वा दिवसात खेळ खलास. नुसत्या जाडीवरून टिकाव सांगणारे तोंडावर आपटतात ते यामुळेच. नऊ दिवसांच्या ढगांत ही अख्खी गोष्ट घडून संपते.

वितळण्याचा तो ४ चा दरही पक्का नाही, तो साधारण २ ते ६ च्या दरम्यान हलतो. ताजा बर्फ अंगावर पडलेल्या उन्हातलं ८५ टक्के परत फेकतो, जुना ओला बर्फ ५५ टक्के. म्हणजे शोषलं जाणारं ऊन १५ वरून ४५ टक्क्यांवर जातं, तिप्पट. त्यावर धूळ किंवा काजळी बसली तर विचारूच नका. पावसाबद्दल मात्र सार्वत्रिक गैरसमज आहे. १० अंशांचा १० मिलिमीटर पाऊस स्वतःच्या उष्णतेने जेमतेम सव्वा मिलिमीटर बर्फ वितळवतो. पावसासोबत येणारा दमट वारा खरा गुन्हेगार. त्यातली १ मिलिमीटर वाफ बर्फावर गोठली नाही, नुसतं पाणी झाली, तरी साडेसात मिलिमीटर बर्फ वितळवण्याइतकी उष्णता सोडते. अशा दिवशी आभाळ भरलेलं असतं, म्हणजे सगळ्यात वेगाने वितळण्याच्या दिवशी मोडिस आंधळी.

जिथे ती चुकते

जंगल हा सगळ्यात मोठा दोष. सदाहरित झाडांखाली बर्फ असतो आणि वरून दिसतात हिरवे शेंडे. बर्फ पडल्यावर दोन दिवस फांद्या पांढऱ्या असतात तेव्हा नोंद येते, फांद्यांवरचा बर्फ झडला की ‘बर्फ नाही’. प्रत्यक्षात खाली तो सावलीत महिनाभर पडून असतो. उंबरठा १० वर आणला तर थोडी सुधारणा होते. सगळ्यात बरी युक्ती म्हणजे त्याच उंचीवरची, त्याच दिशेच्या उतारावरची मोकळी जागा शोधून तिच्या नोंदी घेणं. पानझडी रानात हिवाळ्यात अडचण कमी.

डोंगरात चौकोनाचा आकार नडतो. नावाला ५०० मीटर, प्रत्यक्षात ४६३ मीटरची बाजू, म्हणजे साडेएकवीस हेक्टर. त्यात सावलीतला उतारही आला आणि उन्हातलाही. शिवाय उपग्रह रोज डोक्यावरून जात नाही. २३३० किलोमीटर रुंद पट्ट्याच्या कडेला जागा आली की ज्या जमिनीवरून प्रकाश आला तिची रुंदी कित्येक पटींनी वाढते आणि शेजारचा बर्फ आपल्या चौकोनात उतरतो. एका चौकोनावर भिस्त ठेवू नये, तीन बाय तीनचे नऊ चौकोन घेऊन त्यांतला मध्यक पाहावा.

तापमानाची एक चाळणीही लक्षात असू द्या. १३०० मीटरपेक्षा कमी उंचीवर बर्फ दिसला पण पृष्ठभागाचं तापमान २८१ केल्विन, म्हणजे सुमारे ८ अंशांच्या वर निघालं, तर ‘बर्फ नाही’ असा बदल केला जातो. १३०० च्या वर फक्त खूण केली जाते. उन्हाळ्यातले खोटे बर्फ यामुळे बरेच गळतात, पण वसंतात अर्धी उघडी, तापलेली जमीन आणि अर्धा बर्फ असा चौकोनही कधीकधी त्यात बळी जातो. सूर्य क्षितिजाजवळ असतानाच्या नोंदी कच्च्या, आणि ध्रुवीय रात्रीत नोंदच नाही. तलावाच्या काठचे चौकोन सोडूनच द्यावेत.

डोळ्यांनी खात्री करायची तर नासाचं ‘वर्ल्डव्ह्यू’ उघडावं आणि ३-६-७ या पट्ट्यांचं रंगचित्र लावावं. त्यात बर्फ लालभडक, पाण्याचे ढग पांढरे, हिमकणांचे उंच ढग फिकट नारिंगी. संशयित तारखेच्या आधीचे-नंतरचे दोन दिवस पुढेमागे केले की ढग हलतो, बर्फ हलत नाही. याहून सोपी कसोटी नाही.

जमिनीवरची पडताळणी

बटणाएवढे तापमान नोंदक मातीत २-३ सेंटिमीटर खोल पुरून ठेवले की उपग्रहाची परीक्षा घेता येते. २०४८ नोंदींची स्मृती असेल तर दर चार तासांनी एक या हिशेबाने ३४१ दिवस चालते. जाड बर्फाखाली दिवसरात्रीचा चढउतार मरतो आणि वितळताना रेषा शून्यावर सपाट पडते. ती सपाटी मोडून दुपारचा पहिला सुळका दिसला, की त्या दिवशी बर्फ गेला. दिवसातला फरक १ अंशाच्या आत आणि कमाल तापमानही १ अंशाच्या आत, अशी अट बऱ्यापैकी चालते. १० सेंटिमीटरहून पातळ थरातून चढउतार झिरपतो, तिथे ही अट फसते. ओल्या मातीत फार खोल पुरलं तर शरद ऋतूत माती गोठतानाही रेषा शून्यावर अडून बसते आणि बर्फ नसताना बर्फ वाटतो. नोंदक मेण किंवा सिलिकॉनने बंद करावा, पाणी शिरणं हे निकामी होण्याचं नेहमीचं कारण.

इतर पर्याय, थोडक्यात

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांमध्ये २० मीटरवर काम होतं, उताराच्या दोन बाजू वेगळ्या दिसतात, पण विषुववृत्तावर फेरी पाच दिवसांची. लागोपाठ दोन फेऱ्या ढगाळ निघाल्या की पंधरवडा गेला. आयएमएस हे अमेरिकेच्या नॅशनल आइस सेंटरचं रोजचं, तज्ज्ञांनी हाताने तपासलेलं मानचित्र: ढगांचा प्रश्न नाही, डिसेंबर २०१४ पासून १ किलोमीटर, त्याआधी २००४ पासून ४ आणि १९९७ पासून २४ किलोमीटर, पण फक्त उत्तर गोलार्ध. विभागीय प्रश्नांना ते उत्तम, एका खोऱ्याला नाही. इरा५-लँड या युरोपीय हवामान-संचात १९५० पासूनचा बर्फ मिळतो, पण तो संगणकी प्रतिमानाने काढलेला, ९ किलोमीटरच्या चौकोनात. चौकोनाची सरासरी उंची आपल्या जागेहून ५०० मीटर कमी असली तर तापमानात तीनेक अंशांचा फरक, आणि हंगामाचा हिशेब कोलमडतो.

फायली आणि पुढची सोय

मोठं क्षेत्र हवं असेल तर २४०० बाय २४०० चौकोनांच्या पूर्ण फायली घ्याव्या लागतात. त्या एचडीएफ४ या जुन्या साच्यात आहेत आणि पायथॉनसोबत मिळणाऱ्या जीडालच्या (असे साचे वाचणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) अनेक तयार बांधण्यांत तो साचा वाचण्याची सोयच नसते. फाइल उघडत नाही म्हणून ती खराब समजू नका, एचडीएफ४ सह बांधलेलं जीडाल घाला. गूगल अर्थ इंजिन या ऑनलाइन सेवेत हेच उत्पादन आधीच चढवलेलं असल्याने ही कटकट टळते. मालिकेत खाचाही आहेत. उदाहरणार्थ फेब्रुवारी २०१६ मध्ये टेराच्या नोंदी काही दिवस बंद होत्या. तिथे ॲक्वा वापरावा.

२०२० नंतर टेराची कक्षा राखणं थांबलं, त्यामुळे तो हळूहळू सकाळी आणखी लवकर येऊ लागला. सूर्य खाली, सावल्या लांब, डोंगराच्या सावलीतल्या उतारांवर ‘निर्णय नाही’ जास्त. नवीन काम सुरू करणाऱ्यांनी व्हीआयआयआरएस या मोडिसनंतरच्या उपग्रहावरल्या उपकरणाच्या ३७५ मीटरच्या नोंदी, म्हणजे व्हीएनपी१०ए१, सोबत घ्याव्यातच. त्या २०१२ पासून आहेत. पण जुन्या मालिकेला त्या सरळ जोडू नका. २०१२ ते २०१९ या समाईक हिवाळ्यांत दोन्हींच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या तारखा एकाच उंबरठ्यावर, एकाच नियमाने काढा, प्रत्येक जागेसाठी फरक किती आणि कोणत्या दिशेने ते लिहून ठेवा, आणि जोड तेवढी दुरुस्ती करूनच द्या.